मोजणें आणि ओळखणें

मनुष्याच्या हातून यंत्राकडे कोणतें काम जावें आणि कोणतें जाऊं नये, हा प्रश्न आज घरोघरीं विचारला जात आहे. ज्या सुशिक्षित कुटुंबांतील मुलामुलींनीं गेलीं पंचवीस-तीस वर्षें संगणकाच्या आज्ञावली लिहून संसार उभे केले, त्या घरांत तर हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेचा राहिलेला नाहीं. ज्या अभियंत्यानें आयुष्यभर यंत्राला पायरीपायरीनें आज्ञा दिल्या, त्याला पन्नाशीच्या उंबरठ्यावर असें सांगण्यांत येत आहे कीं, यापुढें यंत्राला आज्ञा देण्याचें कारण नाहीं. त्याला पुरेशीं उदाहरणें दाखवा, म्हणजे तें आपलें आपण शिकेल. या स्थित्यंतराविषयीं भीतीनें आणि उत्साहानें पुष्कळ लिहिलें जातें. त्याचा इतिहास मात्र क्वचितच पाहिला जातो. तो पाहावयाचा तर सातासमुद्रांपलीकडे जाण्याची जरूर नाहीं. पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर आणि आंबेगांव हे जे दोन लगतचे तालुके आहेत, त्यांच्या भूमीवर मोजण्याच्या विद्येचा अगदीं आरंभींचा आणि अगदीं अलीकडचा असे दोन्ही टप्पे शिल्लक आहेत. त्या दोहोंच्या मधील दुवे आपण जोडूं लागलों, तर आजच्या प्रश्नाचें स्वरूप बरेंच स्पष्ट होतें असें आम्हांस वाटतें.

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळीं कोंकणांतील बंदरांतून देशावर येणारा माल या घाटानें जुन्नराकडे येई. घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत, भिंतींवर, जो प्रदीर्घ ब्राह्मी लेख कोरलेला आहे, तो सातकर्णि राजाची राणी नागनिका हिचा असल्याचें सामान्यतः मानतात. त्यांत राजघराण्यानें केलेल्या यज्ञांची आणि त्या त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे: गायी किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापणें किती. विशेष हा कीं, या संख्या अंकचिन्हांनीं लिहिलेल्या आहेत. भारतीय अंकांच्या अतिप्राचीन साधनांत या लेखाची गणना होते. दहा, वीस, शंभर, हजार यांना तेथें निरनिराळीं चिन्हें आहेत. शून्य नाहीं, स्थानमूल्यहि नाहीं. हिशेब मात्र चोख आहे.

हा हिशेब पुढें कित्येक शतकें कोणालाहि वाचतां येत नव्हता. १८२८ सालीं साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें लेख विद्वानांच्या नजरेस आणला. पुढें प्रिन्सेपनें ब्राह्मी लिपीचें कोडें उलगडलें. तरी अंकचिन्हांचा पुरता उलगडा व्हावयास आणखी कांहीं काळ जावा लागला. त्या कामांत ज्यांचा वाटा फार मोठा, ते पंडित भगवानलाल इंद्रजी मूळचे जुनागढचे, मुंबईस डॉ. भाऊ दाजींच्या हाताखालीं तयार झालेले. विद्यापीठांत शिकून मिळविलेली पदवी त्यांच्यापाशीं नव्हती; परंतु लेणीं, नाणीं आणि ताम्रपट यांच्या प्रत्यक्ष सहवासांत घडलेली दृष्टि होती. १८७० नंतरच्या दशकांत त्यांनीं नाणेघाटाच्या लेखावरून प्राचीन नागरी अंकांवर निबंध लिहिला. म्हणजे मोज शिळेवर दोन हजार वर्षें सुरक्षित होती. तिची ओळख नाहींशी झाली होती, आणि ती पटविण्यास एका माणसाची सबंध हयातीची तयारी कारणीं लागली. मोजणें आणि ओळखणें या दोन क्रिया निराळ्या आहेत, ही गोष्ट येथें प्रथम लक्ष्यांत घ्यावयाची.

आतां याच तालुक्याच्या दुसऱ्या अंगास वळूं. नारायणगांवाजवळ खोडद येथें रेडिओ-लहरींची प्रचंड दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानें ती उभारली. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे तिचे जनक. १९८४ च्या सुमारास त्यांनीं ही योजना मांडली, नव्वदीच्या दशकांत ती उभी राहिली, आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजीं रतन टाटा यांच्या हस्तें ती राष्ट्रास अर्पण करण्यांत आली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या येथें आहेत; पैकीं चौदा मध्यभागीं सुमारें एक चौरस किलोमीटरांत, आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. दोन तबकड्यांमधील अधिकांत अधिक अंतर सुमारें पंचवीस किलोमीटर भरतें. पत्र्याऐवजीं पोलादी तारांवर ताणलेली जाळी वापरून स्वरूपांनीं तबकडीचें वजन आणि खर्च हीं दोन्ही कमी केलीं. ही जागा निवडण्याचें कारणहि ध्यानांत घेण्याजोगें आहे. मीटरभर लांबीच्या लहरी टिपावयाच्या तर मनुष्याच्या विद्युत्-गोंगाटापासून दूर राहिलें पाहिजे. जुन्नरच्या डोंगरांनीं तो आडोसा दिला, आणि पुण्याच्या विद्यापीठाशीं संबंधहि तुटला नाहीं.

या दुर्बिणींतून डोळा लावून कांहींच दिसत नाहीं. तिचें पाहणें म्हणजे मुळांत मोजणें आहे. तीस तबकड्यांवर आलेल्या लहरींची दोन-दोन करून तुलना करावयाची, म्हणजे जोड्या होतात चारशें पस्तीस. प्रत्येक जोडीचा गुणाकार-बेरजेचा हिशेब क्षणोक्षणीं करावा, तेव्हां त्यांतून आकाशाचें चित्र घडतें. म्हणून खोडदची दुर्बीण जितकी पोलादाची, तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, गणनयंत्राची आहे. ही गणना करण्याची विद्या या देशांत, आणि विशेषतः याच संस्थेंत, कशी रुजली हें पाहण्यासाठीं थोडा वेळ घाटाखालीं मुंबईस जावें लागेल.

रंगस्वामी नरसिंहन् हे नांव आपल्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच परिचयाचें असेल. १९२६ सालीं मद्रासकडे जन्मलेले हे गृहस्थ अमेरिकेंत अभियांत्रिकी आणि गणित शिकून १९५४ सालीं डॉ. होमी भाभांच्या संस्थेंत आले. ज्या देशांत संगणक कोणीं पाहिलाहि नव्हता, तेथें तो आपल्या हातांनीं बांधावयाचा, असें काम या तरुण मंडळींनीं पत्करलें. १९५६ च्या अखेरीस लहान नमुना चालूं लागला, आणि १९६० सालीं पूर्ण यंत्र कामास लागलें. पुढें त्यास ‘टिफ्रॅक’ असें नांव मिळालें. निर्वात नलिकांवर चालणाऱ्या त्या यंत्राची स्मृति अवघी दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांची होती. आज खिशांत मावणाऱ्या दूरध्वनीपुढें ती कांहींच नव्हे. तरी देशांतील संशोधकांची एक सबंध पिढी त्या यंत्रावर आज्ञावली लिहावयास शिकली. यंत्र बांधणारा आणि यंत्रास आज्ञा देणारा हे दोन धंदे तेव्हां वेगळे झाले नव्हते.

नरसिंहन् येथेंच थांबते, तर आद्य संगणककार म्हणून त्यांची नोंद झाली असती आणि तेवढ्यानें भागलें असतें. परंतु १९६१ ते १९६४ या वर्षांत ते अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांत गेले आणि तेथें त्यांच्या पुढें निराळाच प्रश्न आला. अणूच्या अंतरंगाचा अभ्यास करणारे पदार्थवैज्ञानिक त्या काळीं बुद्बुद-कोष्ठाचीं छायाचित्रें घेत असत. विद्युद्भारित कण द्रवांतून गेला म्हणजे त्याच्या मार्गावर बुडबुड्यांची रेघ उमटे. अशीं छायाचित्रें लाखांनीं जमत, आणि त्यांतील अर्थपूर्ण रेघ कोणती, निरर्थक ओरखडा कोणता, हें ठरविण्यास डोळ्यांत तेल घालून माणसें बसवावीं लागत. हें काम यंत्र करूं शकेल काय? प्रश्न मोजण्याचा राहिला नव्हता. तो ओळखण्याचा झाला होता. आज ज्याला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतों, तिच्या अंगणांत एक अनुभवी संगणक-अभियंता शिरला तो या वाटेनें.

या क्षेत्रांत तेव्हां एक पंथ असा होता कीं, यंत्रापुढें पुष्कळ नमुने ठेवावे, चूक झाली कीं त्याच्या आंतील वजनें थोडथोडीं बदलावीं, आणि अखेर त्यास ‘हें अमुक वर्गांतलें, तें तमुक वर्गांतलें’ असा निवाडा देतां आला म्हणजे झालें. रोझेनब्लाट यानें १९५८ सालीं मांडलेलें ‘पर्सेप्ट्रॉन’ हें या पंथाचें प्रसिद्ध उदाहरण. नरसिंहन् यांनीं वेगळी भूमिका घेतली. चित्र कोणत्या वर्गांतलें एवढेंच सांगणें म्हणजे तें ओळखणें नव्हे, असें त्यांचें म्हणणें. चित्राचे घटक कोणते, ते एकमेकांशीं कसे जोडले आहेत, बिंदूंची रेघ कशी झाली, रेघांचा संगम कोठें झाला, असें वर्णन यंत्रास करतां आलें पाहिजे. आणि त्यासाठीं चित्राचें व्याकरण मांडलें पाहिजे. चॉम्स्कीनें थोड्याच वर्षांपूर्वीं भाषेच्या व्याकरणास गणिती रूप दिलें होतें. नरसिंहन् यांनीं ती दृष्टि चित्रांस लाविली. पाणिनीच्या देशांतील वाचकास ही कल्पना परकी वाटूं नये. वाक्य ‘शुद्ध’ कीं ‘अशुद्ध’ एवढाच शिक्का मारणारा वैयाकरण आपल्याकडे कोणी वैयाकरण मानला नसता. कां शुद्ध, तें त्यानें सांगितलें पाहिजे.

मुंबईस परतल्यावर त्यांनीं संगणकविद्येची संस्थात्मक घडी बसविली. भारतीय संगणक संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९७५ सालीं सॉफ्टवेअर-विकासाचें जें राष्ट्रीय केंद्र टाटा संस्थेंत निघालें, त्याची धुराहि त्यांनीं वाहिली. पण मनाचा ओढा राहिला तो ओळखण्याच्या प्रश्नाकडेच. मूल भाषा कसें शिकतें, या विषयावर त्यांनीं वर्षानुवर्षें काम केलें. मूल शब्दांचा साठा करून शिकत नाहीं. तें माणसांशीं वागतां-वागतां शिकतें, चुकतें, कोणी तरी त्याला दुरुस्त करतें, आणि बोलण्याचा परिणाम त्याला भोगावा लागतो. २००७ सालीं नरसिंहन् निवर्तले. त्यांच्या आयुष्याचा आलेख पाहिला तर यंत्र बांधणें, यंत्रास आज्ञा देणें, आणि यंत्रास समजतें म्हणजे काय याचा शोध घेणें, अशा तीन पायऱ्या दिसतात. आजचा अभियंता जें स्थित्यंतर नाइलाजानें करूं पाहतो, तें त्यांनीं साठ वर्षांपूर्वीं आपखुशीनें केलें होतें. प्रत्येक पायरीवर त्यांचा हात यंत्रापासून थोडा दूर गेला, आणि प्रश्न मात्र मनुष्याच्या अधिकाधिक जवळ आला.

पुढील काळानें नरसिंहन् यांच्या पंथास यश दिलें नाहीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. वजनें बदलत शिकणाऱ्या यंत्रांचा पंथ मध्यंतरीं मागें पडला होता. परंतु १९८६ नंतर त्यास नवी गणिती साधनें मिळालीं, चित्रांचे अफाट साठे मिळाले, आणि २०१२ सालीं चित्रें ओळखण्याच्या स्पर्धेंत त्यानें इतर सर्व पद्धतींस निर्णायकपणें मागें टाकलें. २०२४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक हॉपफील्ड आणि हिंटन यांस मिळालें, तें याच मार्गाच्या पायाभरणीबद्दल. ओळखणें हेंहि अखेर एक अवाढव्य मोजणेंच आहे, असा दावा आज केला जातो, आणि त्याच्या बाजूनें पुरावा थोडाथोडका नाहीं. तेव्हां नरसिंहन् यांचा प्रश्न जुना झाला काय? याचें उत्तर शोधण्यास पुन्हां घाट चढून खोडदला यावें.

खोडदच्या गणनेंतहि गेल्या पंचवीस वर्षांत असेंच स्थित्यंतर झालें आहे. आरंभीं चारशें पस्तीस जोड्यांचा हिशेब खास त्याच कामासाठीं घडविलेल्या विद्युत्-मंडलांच्या कपाटांत होई. तेथें गणिताची रीत तांब्यांत आणि सिलिकॉनांत कायमची कोरलेली असे. रीत बदलावयाची तर मंडल बदलावें लागे. दुसऱ्या टप्प्यांत, २०१० च्या सुमारास, परदेशांतील सहकाऱ्यांच्या साहाय्यानें येथील अभियंत्यांनीं तेंच काम बाजारांत मिळणाऱ्या साध्या संगणकांच्या समूहावर, निव्वळ आज्ञावलीच्या बळावर करून दाखविलें. लहरींची कच्ची नोंद तशीच सांठवून ठेवावी आणि मागाहून हवी तशी चाळावी, ही सोय त्यामुळें झाली. तिसऱ्या टप्प्यांत, दुर्बिणीच्या नूतनीकरणाच्या वेळीं, एका वेळीं टिपावयाचा लहरींचा पट्टा बत्तीस मेगाहर्ट्झांवरून चारशेंपर्यंत वाढला. म्हणजे प्रत्येक मार्गावर सेकंदास ऐंशीं कोटि नमुने तरी घ्यावयाचे. हा भार चित्रखेळांसाठीं निघालेल्या गणनपट्टिकांनीं उचलला. जें पूर्वीं लोखंडी कपाट होतें तें आतां लिखित मजकूर झालें आहे, आणि मजकूर रात्रींतून सुधारतां येतो.

या बदलानें फळ किती आलें, याचें एक उदाहरण पुरें. २०२० सालीं पुण्याच्या आणि बंगळूरच्या संशोधकांनीं साडेसात हजारांहून अधिक दूरस्थ दीर्घिकांचे संकेत एकत्र मिळवून, सुमारें आठ अब्ज वर्षांपूर्वींच्या विश्वांतील हायड्रोजन वायूचें प्रमाण काढलें. एकेकटीचा संकेत गोंगाटांत पार बुडालेला. सर्वांची बेरीज केली तेव्हां तो वर आला. मोजण्याच्या विद्येचा हा विजय आहे, आणि येथें माणसानें हातानें हिशेब केला नाहीं म्हणून कांहींच बिघडलें नाहीं.

परंतु याच वेधशाळेंत दुसरें एक काम चालतें, आणि तेथें अडचण उभी राहते. डोंगरांचा आडोसा असला तरी विजेच्या तारांच्या ठिणग्या, मोबाइलचे मनोरे, आकाशांतील उपग्रह यांचा उपद्रव तबकड्यांपर्यंत पोंचतोच. तो ओळखून वेगळा काढावा लागतो. पूर्वीं अनुभवी निरीक्षक नोंदी पाहून तो खोडून टाकीत. मग मर्यादा ठरवून देणाऱ्या आज्ञावली आल्या. आतां जगांतील अनेक वेधशाळांत उदाहरणांवरून शिकलेलीं यंत्रें हें निवडण्याचें, आणि स्पंदक ताऱ्यांचे संभाव्य संकेत चाळण्याचें काम करूं लागलीं आहेत. त्यांवांचून गत्यंतरहि नाहीं. नोंदींचा ढीगच इतका आहे कीं माणसाचें आयुष्य पुरावयाचें नाहीं. तथापि येथें १९६७ सालची केंब्रिजची हकीकत आठवावी. जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रोज शंभरेक फूट लांबीचा आलेखाचा कागद डोळ्यांखालून घालीत असे. त्यांत तिला एके ठिकाणीं पाव इंचाचा विचित्र खरवडा दिसला. तो ताऱ्याच्या ठराविक रूपांत बसत नव्हता, मनुष्यकृत उपद्रवाच्याहि रूपांत बसत नव्हता. तिनें तो सोडून दिला नाहीं. पुन्हां शोधला, आणि त्यांतून पहिला स्पंदक तारा निघाला. तोंपर्यंतच्या सर्व उदाहरणांवर शिकविलेल्या यंत्रास तारा आणि उपद्रव असे दोनच खण ठाऊक असते, आणि पाव इंचाचा तो खरवडा बहुधा उपद्रवाच्या खणांत पडला असता. शिकणारें यंत्र भूतकाळावर शिकतें. भूतकाळाच्या नोंदवहींत जो खणच नव्हता, तो तें कोठून आणणार?

एखादा तारा हुकला तर शास्त्राचें नुकसान होतें, माणसाचा जीव जात नाहीं, असें कोणी म्हणेल. म्हणून याच मुलखांतील दुसरी हकीकत सांगतों, जेथें जीव जातो. कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं आणि जुन्नर-आंबेगांवचें रूप पालटलें. आंबेगांव हें मूळ गांवच डिंभें धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्यास त्याचें नांव तेवढें उरलें आहे. कालव्यांबरोबर ऊंस आला, आणि उंच, दाट, बारमाही उंसाच्या फडांत बिबट्यास घर मिळालें. गांव, कुत्रीं, शेळ्या, मजुरांचीं मुलें आणि बिबट्या हीं सर्व एकाच शिवारांत राहूं लागलीं. लोकांचा आक्रोश रास्त होता. वन खात्यानें उपाय केला: पिंजरे लावावे, बिबटे धरावे आणि दूरच्या वनांत नेऊन सोडावे. फेब्रुवारी २००१ पासून हें मोठ्या प्रमाणावर सुरू झालें.

विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनीं या उपायाचा जो अभ्यास २०११ सालीं प्रसिद्ध केला, त्यांतील आंकडे प्रत्येक आंकडेपंडितानें भिंतीवर लावून ठेवावे असे आहेत. १९९३ पासून २००१ पर्यंत जुन्नर वनविभागांत बिबट्यांचे माणसांवर वर्षाकांठीं सरासरी चार हल्ले होत. एकोणतीस बिबटे सरासरी चाळीस किलोमीटरांवर नेऊन सोडल्यानंतर ही सरासरी सतरावर गेली. आणि हल्ल्यांत जीव जाण्याचें प्रमाणहि दुपटीनें वाढलें. उपायानेंच अपाय वाढविला होता. अनोळखी मुलखांत सोडलेलें, धरपकडीनें बिथरलेलें जनावर अधिक धोक्याचें होतें, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष.

या प्रकरणांत कोणतेंहि यंत्र नव्हतें. चूक केली ती माणसांनीं, आणि चांगल्या हेतूनें केली. किती पिंजरे लावले, किती जनावरें धरलीं, किती सोडलीं, या मोजण्यांत कसूर नव्हती. ‘दिसला तो बिबट्या म्हणजे धोका’ या ओळखींत कसूर होती. कोणता बिबट्या, कोठला, किती दिवस येथें राहिलेला, माणसाला टाळून वागणारा कीं नाहीं, हें वर्णन नोंदवहींत नव्हतें. वर्ग तेवढा होता. नरसिंहन् बुद्बुदांच्या रेघांविषयीं जें म्हणत होते, तें उंसाच्या फडांत अशा रीतीनें खरें ठरलें. आतां अशी कल्पना करा कीं, २००२ सालच्या नोंदवह्या एखाद्या शिकणाऱ्या यंत्रापुढें ठेविल्या असत्या. त्या यंत्रानें आपलीच चूक आपल्याकडून शिकून घेतली असती, ती अधिक वेगानें केली असती, आणि तिच्यावर गणिताचा शिक्का बसल्यामुळें ती कोणी तपासलीहि नसती.

ही कल्पना आतां निव्वळ कल्पना राहिलेली नाहीं. बिबट्याचें चित्र ओळखून गांवास सावध करणारे कॅमेरे या भागांत बसविण्यास सुरुवात झाली आहे. हा उपक्रम स्तुत्य आहे. पहाटे विहिरीवर जाणाऱ्या बाईस आणि ऊंसतोडणीच्या कोप्यांत निजलेल्या पोरास त्यानें एकदां जरी वांचविलें, तरी त्याचा खर्च वसूल झाला. परंतु कॅमेरा कुत्र्यास बिबट्या म्हणाला तर काय, आणि बिबट्यास कुत्रा म्हणाला तर काय, या दोन चुका सारख्या नाहींत. पहिली चूक वारंवार झाली तर लोक भोंग्याकडे दुर्लक्ष करूं लागतील. दुसरी एकदांच झाली तरी एका घराचा दिवा विझेल. या दोन चुकांचें माप एकमेकांशीं कसें लावावयाचें, हें नमुन्यांच्या ढिगांत कोठेंहि लिहिलेलें नसतें. तें कोणी तरी माणसानें ठरवावें लागतें, आणि ठरविल्यावर त्याचा जाब गांवापुढें उभें राहून द्यावा लागतो.

जुन्या अभियंत्याचें स्थान आम्हांस येथें दिसतें. आज्ञावली लिहिण्याचें पुष्कळसें काम यंत्र करूं लागलें आहे आणि पुढें अधिक करील. त्याबद्दल शोक करण्यांत अर्थ नाहीं. निर्वात नलिका जोडणाऱ्या हातांचें कौशल्य असेंच गेलें, विद्युत्-मंडलें घडविणाऱ्यांचें गेलें, आणि खोडदची दुर्बीण त्यामुळें अधिक दूरचें पाहूं लागली. ज्याचा अभिमान केवळ आज्ञा टंकण्याच्या वेगांत होता, त्याला हा काळ कठीण जाईल हें खरें, आणि अशा माणसांच्या संसाराची चिंता समाजानें केली पाहिजे. ‘नवें शिका’ एवढा उपदेश करून ती जबाबदारी संपत नाहीं. परंतु तीस वर्षें एखाद्या पेढीचे, रुग्णालयाचे, कारखान्याचे हिशेब यंत्रावर चढविणाऱ्या माणसास आणखी एक गोष्ट ठाऊक झालेली असते. नोंदवहींत कोणता रकाना घाईनें भरला जातो, कोणता वरिष्ठांस बरें वाटावें म्हणून भरला जातो, आणि कोणता मुळींच नसतो, हें त्यानें पाहिलेलें असतें. शिकणाऱ्या यंत्राचें सर्व शहाणपण त्या नोंदवहींतून येतें. म्हणून ती नोंदवही कशी भरली गेली हें जाणणाऱ्या माणसाची गरज आज कमी नव्हे, वाढली आहे.

आपल्या शिक्षणसंस्थांनीं याचा विचार केला पाहिजे. आज तरुणांस शिकणारीं यंत्रें चालविण्याचे वर्ग गल्लोगल्लीं निघाले आहेत, आणि त्यांत शिकविली जाते ती मुख्यतः मोजण्याची बाजू. भगवानलालांनीं लेण्यांपुढें बसून जी दृष्टि मिळविली, बेलनें कागदाच्या शेंकडों फुटांवरून जी मिळविली, अत्रेयांनीं गांवोगांव हिंडून जी मिळविली, ती दृष्टि मिळविण्यास वस्तूचा दीर्घ सहवास लागतो. वनरक्षक, परिचारिका, तलाठी, गिरणींतला जुना कारागीर यांच्या शेजारीं बसून, ते काय पाहतात आणि कां पाहतात हें लिहून काढणें, हा संगणकविद्येच्या अभ्यासक्रमाचा भाग झाला पाहिजे. तो झाला तर पन्नाशीचा अभियंता त्या वर्गांत विद्यार्थी म्हणून बसेल तितकाच गुरु म्हणूनहि उभा राहूं शकेल.

नाणेघाटांतील लेखकानें दिलेल्या गायी मोजल्या, आणि तो हिशेब आजहि चुकलेला नाहीं. त्या गायी कोणाच्या होत्या, कोणाच्या दारांतून आल्या, हें त्यानें लिहिलें नाहीं. आणि आतां तें कळण्याचा कोणताहि मार्ग उरलेला नाहीं. आजच्या नोंदवह्या अद्याप कोऱ्या आहेत, त्या भरणारी माणसेंहि हयात आहेत. त्यांना विचारून घेण्यास अजून वेळ आहे.